मासा काढलेल्या पेट्या

“पुरुष आपलेच आहेत, इओपू. ते कुठे पळून जात नाहीत. तू बायका धर.”

आपिया शहरातल्या सिगारेट कंपनीच्या कचेरीत साहेबांनी सांगितलेलं हे वाक्य मनात घोळवत इओपू सवाई बेटावर बोटीतून उतरला. डोक्यावर कंपनीची पांढरी टोपी, बरोबर बारीक सिगारेटींच्या सहा सीलबंद पांढऱ्या पेट्या. पाकिटांवर चाफ्याचं फूल. माल खास बायकांसाठी, आणि वाटायचा फुकट. बोटीवर कुणी उचलली तर ओळखता यावी म्हणून प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात त्यानं पेन्सिलीनं एक छोटा मासा काढून ठेवला होता.

निघताना साहेबांनी विचारलं होतं, “आणि पेट्या तशाच परत आल्या तर?”

“एक जरी न उघडता परत आली, तर त्याच दिवशी नोकरी सोडीन. बायबलवर हात ठेवून सांगतो, साहेब.”

साहेब हसले होते. इओपू हसला नव्हता. वडिलांचा तारोचा, म्हणजे अळूच्या कंदांचा, मळा टाकून तो या टोपीसाठी शहरात गेला होता.

मोएलांगी आत्या गावच्या महिला समितीची प्रमुख. इओपू पोचला तेव्हा ती अंगणातल्या थडग्याशेजारी कापूर घातलेल्या संदुकीतून काढलेली एक तलम चटई उन्हात पसरत होती. थडगं तिच्या भावाचं, म्हणजे इओपूच्या वडिलांचं. खोकून खोकून गेलेला माणूस. शेवटच्या दिवशी त्यानं सगळ्यांना बाहेर काढून बहिणीच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. काय, ते आत्यानं कुणालाच सांगितलं नाही.

“दमलो गं आत्या. टेकू का इथं?”

“टेक की. मग तंगडी मोडून हातात देते. माझ्या आजीच्या लग्नातली चटई आहे ही. किती लग्नांत, किती मयतांत आहेर म्हणून हातोहात फिरून परत घरी आली. आजवर हिच्यावर माशी बसू दिली नाही कुणी, आणि तू बसणार?”

इओपूनं पेट्या पुढे केल्या. “एक जरी न उघडता परत आली तर नोकरी सोडीन, असं बायबलवर सांगून आलोय, आत्या. या तुम्हां बायकांसाठी. पुरुषांनी हात लावायचा नाही.”

“फक्त आमच्यासाठी? एवढा मान तर आम्हाला कुणी दिला नव्हता रे.” आत्यानं दोन्ही हातांनी पेटी घेतली, डोक्यावर उंच धरली. “शब्द देते. यातलं काही वाया जाणार नाही.”

नारळाखालून लेमालू काका ओरडले, “आणि आमच्यासाठी?”

“तुम्ही आपलेच आहात, काका.”

“आपला म्हणून उपाशी ठेवतोस होय रे?”

पुढच्या शनिवारी शेजारच्या गावात लग्न होतं. नवऱ्या मुलीकडच्या बायका गात गात आल्या, हातांवर चटया आणि चटयांवर तीन पांढऱ्या पेट्या. भालदारानं पेट्यांचं नाव पुकारलं तशी माणसं जल्लोष करून उठली. इओपूनं धावत जाऊन साहेबांना फोन केला, “मिरवतात, साहेब! लग्नात मिरवतात!”

साहेबांनी फुकट वाटायला आणखी माल धाडला. मासे काढून काढून इओपूची पेन्सिल झिजली. मयताला पेट्या, चर्चच्या नव्या छपराला पेट्या. लांबच्या गावची एक बाई तर त्याला वाटेतच आडवी आली.

“आमचा म्हातारा आज जातोय की उद्या, आणि घरात एक पेटी नाही. लोकांना तोंड कसं दाखवू मी?”

साहेबांनी एकदा फोनवर विचारलं, “ओढताना दिसतात ना रे बायका?”

“पाद्रीबाबांच्या समोर कशा ओढतील, साहेब? आडोशाला ओढत असणार.”

खरं तर त्याला आडोशालाही कुणी दिसली नव्हती. पेट्यांना कापराचा वास मात्र यायचा. बायकांची हौस, त्याला वाटलं. सिगारेटसुद्धा सुगंधी करून ओढतात.

शेवटी साहेब स्वतः बेटावर आले. आत्यानं मोठं जेवण घातलं. डुक्कर भाजलं, नारळाच्या दुधात पानं शिजवली, साहेबांना मानाच्या जागी बसवलं. साहेब इओपूच्या कानाशी लागले, “संध्याकाळपासून अख्ख्या बेटाचा कारभार तुझ्याकडे. मी ठरवलंय.”

इओपूनं टोपी सरळ केली.

मग बायका आल्या. गावोगावच्या बायका, केसांत फुलं, हातांत पांढऱ्या पेट्या. एकेक पेटी साहेबांपुढे ठेवत गेल्या. ढीग साहेबांच्या खांद्याला लागला.

“साहेब,” आत्या हलक्या आवाजात म्हणाली, “आमच्याजवळचं सगळ्यात मोलाचं आज तुमच्या पायाशी ठेवलंय. या पेट्यांनी लग्नं पाहिली, मयतं पाहिली. आम्ही काही वाया जाऊ दिलं नाही.”

इओपूनं आत्याचं बोलणं साहेबांना समजावलं. साहेबांचे डोळे भरून आले. “बघ इओपू! फुकटचा संपवून दुकानातून एवढा माल विकत घेतला, आणि तोही मला द्यायला!”

इओपूनं वरची पेटी पाहिली. कोपऱ्यात मासा. खालची पाहिली. मासा. तिच्याखालचीही. सील जसंच्या तसं. ढिगातून कापराचा वास येत होता.

“आत्या, सगळ्या?”

“एकूण एक. मोलाची वस्तू कुणी वापरतं का रे, बाळा?”

साहेब टाळ्या वाजवत होते. त्यांच्या कधी काही लक्षात आलं नसतं. लेमालू काकांनी ढिगाकडे हात नेला, तर बायका त्यांच्यावर खेकसल्या.

 इओपूनं टोपी काढली, झटकली, ढिगाच्या अगदी वर ठेवली आणि गाणं सुरू असतानाच मागच्या बाजूनं ओट्यावरून खाली उतरला. मळ्याची वाट थडग्याजवळून जात होती.

थडग्याला टेकून वडिलांची खणायची काठी उभी होती, मुठीला ताजं तेल लावलेलं. शेजारी केळीच्या पानात बांधलेलं एका माणसाचं जेवण होतं, अजून गरम.