किटाळ

"आप्पा, आधी तोंड उघडा," म्हणत दगडाबाईनं अख्खा पेढा मल्लिनाथच्या तोंडात कोंबला. घाटनांदूरच्या त्याच्या मेडिकलवर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याही हातावर एक ठेवला. "घ्या हो, तुमी बी घ्या. माझ्या संजयचा रिपोर्ट आला औरंगाबादवरून. रक्तात कायबी खोट न्हाई."

मल्लिनाथनं कागद उलगडला. खरंच, सगळं नॉर्मल.

महिन्यामागं तिच्या हाताशी आलेल्या पोराला थंडीताप आला होता. ताप मुळातून जावा म्हणून डॉक्टरनं लिहिलेल्या गोळ्या मल्लिनाथनंच दिल्या आणि दोन-तीन दिवसांत पोराची लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली. काही जणांच्या रक्ताला ती गोळी जन्मतःच सोसत नाही, रक्त फुटायला लागतं. मल्लिनाथला हे पुस्तकातून ठाऊक होतं, आणि समजावून सांगायची हौसही दांडगी! भर दुकानात, चार माणसांत त्यानं तिला विचारलं होतं, "तुमच्या भावाला असं कधी झालतं का?" झालं होतं. भाऊ त्यातच गेला होता. "मग हे आईकडूनच आलंय," गडी बोलून बसला. "रक्ताची तपासणी करून घ्या. तोवर गोळी बंद." सल्ला सोळा आणे बरोबर होता. पण ऐकणाऱ्यांनी तो तिच्या घरी पोचवला, तिच्याआधी.

"भावाला खाल्लं, आता पोराला खातीस, असं सासू म्हनायची," दगडाबाई हसत हसत डोळे पुसत होती. "आज पयला पेढा तिच्याच हातात दिला. लई मोठं किटाळ गेलं बघा अंगावरचं."

मल्लिनाथला तिच्याहून जास्त बरं वाटलं. आपलं तोंड त्यालाही महिनाभर खात होतं. "सुटलात एकदाच्या," तो म्हणाला. "आणि तपासणीला उशीर केला नाहीत, ते लई चांगलं झालं."

"उशीर कशाचा! दवाखान्यातून सुट्टी झाली, की तसंच औरंगाबादची गाडी धरली. रक्ताच्या बाटल्या चढवल्या म्हणून तर पोरगं चालण्याजोगं झालतं. ह्यांनीच दिलं रक्त, आन् दिरानं. बाप तो बाप."

मल्लिनाथच्या तोंडातला पेढा तिथंच राहिला.

"बाटल्या आधी चढवल्या? आन् मग तपासणी?"

"हां. कावून?"

हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्यानं गिऱ्हाईकाला वाटेला लावलं आणि या वेळी आवाज खाली आणला. "दगडाबाई, ही तपासणी त्या बाटल्यांतल्या रक्ताची झाली. संजयचं सोताचं रक्त तर फुटून गेलतं. तुमच्या मालकाचं रक्त चांगलं हाय, एवढंच ह्या कागदात लिहिलंय."

ती कागदाकडं बघत राहिली. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली.

"म्हंजी खोट माझीच."

"चार महिन्यांनी, बाटल्यांतलं रक्त अंगातून सरलं, की पुन्हा तपासावं लागंल. पण मला वाटतं, हाय." आणि मग त्याला राहवलं नाही, "कुणाची चूक नसती हो ती."

"घरी सांगू नका, आप्पा. पाया पडते तुमच्या."

"कुणालाच सांगत न्हाई. फक्त ती गोळी त्याला पुन्हा द्यायची नाही. कधीच."

निदान एवढं तरी आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं. दगडाबाई मात्र पायरीवर बसली.

"घरात उरलेल्या व्हत्या ना गोळ्या. चांगल्या गोळ्या कावून फेकायच्या? ताप पुन्हा यायला नको. रिपोर्ट आला आन् काल रातीच्याला एक दिली."

"बंद करा! आत्ताच्या आत्ता घरी जा!"

"घरी कुठं हाय त्यो? ट्रकवर क्लीनर म्हणून गेला सकाळी. कांदा घेऊन, कलकत्त्याला. गोळ्या त्याच्या पिशवीत हायेत."

मल्लिनाथ शेजारच्या एसटीडी बूथमध्ये धावला. रिसीव्हर उचलून तिथूनच ओरडला, "ट्रक कुणाचा? मालकाचं नाव? गाव?" तिला काहीच माहीत नव्हतं. ड्रायव्हरला मिशा होत्या, एवढंच ती सांगू शकली. रिसीव्हर धरून तो उभा राहिला. लावायला नंबरच नव्हता. शेवटी त्यानं तो जागेवर ठेवला आणि परत येऊन तिच्याजवळ उकिडवा बसला.

"भिऊ नका. लघवी काळी दिसली, की त्यो आपणहून गोळी बंद करील. मागचं आठवंल की त्याला."

दगडाबाईनं मान हलवली.

"त्यो घ्यायलाच तयार नव्हता, आप्पा. लई भ्यालता. मीच म्हनलं, आता रिपोर्ट आलाय. लघवी काळी झाली तरी उन्हाची झाली समज, पण गोळ्या सगळ्या संपव. माझ्या गळ्याची आन घातली." तिनं पदर तोंडाशी धरला. "माझी आन त्यानं आजवर कधी मोडली न्हाई."