चोर नसताना वाजणारा भोंगा

“ताई, चोर एक दिसत नाही आणि तुमचा कॅमेरा दिवसभर बोंबलतोय. माझी कामं थांबतात!” ठेकेदाराने फोनवर खडसावलं. चोर दिसला किंवा कोणी धोक्याच्या जागी गेलं की भोंगा वाजवणारा, चाकांच्या गाड्यावरचा कॅमेरा चार दिवसांपूर्वीच लावून गेलेली कॅमेरा कंपनीची ती पुन्हा त्या आडरानातल्या बांधकामावर आली.

तिने कॅमेऱ्याच्या क्लिप उघडून पाहिल्या. विटा वाहणाऱ्या बाईचं रांगतं बाळ टाकीच्या उघड्या खड्ड्याशी पोचलं की भोंगा वाजायचा आणि आई पाटी टाकून धावत सुटायची. दिवसातून सात वेळा. ठेकेदाराला ते बघून हसू येत होतं आणि तिला शिसारी.

“भोंगा आहे म्हणून जीव थाऱ्यावर आहे, ताई,” बाळाची आई हळूच म्हणाली.

“अहो, त्या फळ्या नुसत्या पडल्यात ना? टाका की खड्ड्यावर. भोंगा आपोआप गप्प बसेल,” कॅमेरेवालीने ठेकेदाराला सुनावलं.

“एवढंच ना? आजच बघतो.”

दुसऱ्या दिवशी भोंगा एकदाही वाजला नाही. हुश्श करत तिने मोबाइलवर कॅमेरा उघडला.


कॅमेऱ्याचं तोंड सिमेंटच्या पोत्यांकडे वळवलेलं होतं, आणि पोत्यांना ओल लागू नये म्हणून त्याच फळ्या त्यांच्याखाली नीट अंथरल्या होत्या.