मीटरभर दोरी

"एकाच चौकटीत खूण करायची," खिडकीतला कारकून सतीश म्हणाला. "नीटची बॅच, म्हणजे जीवशास्त्र; नाहीतर जेईईची, म्हणजे गणित. दोन्हींची वेळ एकच आहे. एकदा फॉर्म दिला की दोन वर्षं बदल नाही."

प्रतिभा फॉर्म घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. शेजारी तिचा बाप, हनुमंत. दोघं सकाळीच खुटबावहून दौंडच्या या कॉलेजात आली होती. दहावीला शाळेत पहिली आलेल्या प्रतिभाला गावात आत्तापासूनच डॉक्टरीण म्हणत होते. हनुमंताच्या लेखी ठरवायचं काही उरलंच नव्हतं. कॉलेजनं मात्र आधी दोन्ही बॅचचा एकेक नमुन्याचा तास बसून बघायला लावला होता.

"कर की खूण. जीवशास्त्र आवडलं न्हाई का?"

"आवडलं. सरांनी इचारलं ते सगळं आलं मला. मेंढी विताना काय होतं, ते तर मीच वर्गाला सांगितलं."

"मग?"

"गणिताच्या तासाला मला कायच आलं न्हाई."

हनुमंत हसला. "मग इचार कसला करतीस?"

प्रतिभानं पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "आप्पा, समजा आपल्या विहिरीच्या कठड्याला भवतीनं दोरी गच्च बांधली. मग तीत मीटरभर दोरी वाढवली. तर ती कठड्यापासनं सगळीकडं किती लांब सरंल?"

"आसल वीतभर."

"आता आख्ख्या पृथ्वीला तशीच बांधली. तीतबी एकच मीटर वाढवली. तर?"

"एवढ्या पृथ्वीला मीटरभर म्हंजी काय? खालनं मुंगीबी जायची न्हाई."

"वर्गात सगळ्यांनी हेच सांगितलं. मीपण. गणिताच्या करुणा मॅडम म्हणाल्या, करून बघा."

तिनं वहीत गणित मांडलं. विहिरीचं उत्तर आलं सोळा सेंटिमीटर. पृथ्वीचंही सोळाच.

"चुकलं आसल," हनुमंत म्हणाला.

तिनं परत केलं, या वेळी एकेक पायरी त्याला बोटानं दाखवत. "हा पृथ्वीचा आकडा. हिकडं हाय, आन् तिकडंबी हाय. म्हणून दोन्ही उडाले."

"पृथ्वी उडाली?"

"व्हय."

सातवीत शाळा सुटलेल्या हनुमंतानं वही हातात घेतली, जरा लांब धरली. काट मारलेल्या आकड्यावर त्याची नजर थांबली.

"एवढी मोठी पृथ्वी," तो पुटपुटला. मग म्हणाला, "तुला कळलं हे?"

"गणित कळलं. मनाला अजून पटत न्हाई." "आप्पा, जीवशास्त्राच्या तासाला वाटलं, मला येतंय. गणिताच्या तासाला वाटलं, इतकी वर्षं मला कायतरी दिसतच नव्हतं."

समोरून मुलांचा एक घोळका बोलत बोलत गेला.

"दोन वर्षं बदल न्हाई म्हणाले ते," तो शेवटी म्हणाला.

"म्हाईत हाय."

"गणितात पहिली येणार न्हाईस तू."

"न्हाई येणार."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती नजर खाली घालत नव्हती.

"कर खूण."

फॉर्म खिडकीत देऊन तो वळला, तोच फोन वाजला. घरून त्याचा बाप, गेणबा बोलत होता. "झाली का रं आपली पोरगी डॉक्टर?"

"न्हाई आबा. गणित घेतलंय तिनं."

मग गेणबानं विचारलं, "गणित शिकून कोण व्हणार ती?"

हनुमंतानं मागं पाहिलं. बाकावर प्रतिभा नव्हती. ती मघाच्या वर्गाच्या दारात उभी राहून आत बघत होती. मॅडम दुसऱ्या मुलांना फळ्यावर नवीनच कोडं घालत होत्या.

"ते अजून तिलाबी ठावं न्हाई," तो म्हणाला.