मंजुळेची औटकी

पुडीचा कागद कुरकुरला. बाळ नुकतंच झोपलं होतं, घर चिडीचूप होतं, म्हणून पाळण्याची दोरी धरून बसलेल्या शालूला ओसरीवरचा तो आवाज नेमका ऐकू आला. फुटाणे. म्हणजे भाऊजी आले.

गेल्या सोमवारी तिची पाच वर्षांची मंजुळा शेळीची करडं मोजता मोजता ‘सात’ म्हणून थांबली, आणि मटक्यात सातच लागला. तेव्हापासून जानेफळातली रिकामटेकडी पोरं तिच्याशी फार अदबीनं वागत होती. त्यात घरचा निवृत्ती सगळ्यांत पुढे. आज तर त्याच्या खिशात मॅट्रिकची फी होती. ती भरायचा आजचाच दिवस, आणि मेहकरची बस यायचीच होती.

“बोल माय मंजे,” निवृत्ती पुतणीसमोर उकिडवा बसला. त्याचा दोस्त उत्तम मागे हात जोडून उभा. “आज कोणता?”

मंजुळेनं आधी मूठभर फुटाणे घेतले. मग डोळे मिटले. देवीपण तिला जमू लागलं होतं.

“औट.”

“काय?”

“साडेतीन,” शालूनं आतूनच सांगितलं.

“असा आकडा नसते वं मंजे. पुरा सांग, पुरा.”

“सव्वासात.”

“अर्धे सातावर लावू, अर्धे आठावर,” उत्तम कुजबुजला.

“अर्धे काऊन बे? सव्वा म्हणते ते!” निवृत्ती खेकसला. मग पुन्हा मंजुळेकडे वळून गोड झाला. “नीट सांग ना माय. काकाच्या जिंदगीचा सवाल हाये.”

“एक औट औट, दोन औट सात...”

“सात! सात म्हटलं!” उत्तम उडालाच.

“...तीन औट साडेदहा, चार औट चौदा,” मंजुळा काही थांबेना.

“वयनी! हे तुमचंच काम हाये!”

शालू दारात आली. “मी तं औटकीचे पाढे शिकवले. हेच येत असते तं भाऊजी, दोन वेळा गणितात नापास झाले नसते तुम्ही.”

उत्तम फस्सकन हसला आणि निवृत्तीचा चेहरा पाहून गल्लीत सटकला. तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. निवृत्ती उठला. दोन पावलं गेला. परत आला. खिशातली नोटांची घडी त्यानं शालूसमोर धरली.

“बाबाजवळ द्या. तेही मेहकरलेच चाल्ले ना.” त्याचे कान लाल झाले होते. “माह्या खिशात राह्यले तं स्टँडवर कोणी ना कोणी पुरा आकडा सांगनच.”

परसातून सासरे रुमाल बांधत आले. शालूनं डोक्यावर पदर घेतला आणि घडी त्यांच्या हाती दिली. उरलेल्या फुटाण्यांची पुडी मात्र तिनं निवृत्तीच्या खिशात कोंबली.

बापलेक गेले. मंजुळा उंबऱ्यावर येऊन बसली.

“आई, आकडा काढते तो माणूस कुठी राह्यते?”

“मुंबईले.”

“मंग त्याले कोण सांगते वं?”