बारकीची भावंडं

शेवटची नळी गोठवणाऱ्या टाकीत सोडली तशी गार पांढरी वाफ उसळून आत्याच्या कोपरापर्यंत आली. तिने झाकण लावलं. नळ्यांमध्ये उंदरांचं वीर्य होतं. सगळ्या मिळून एका मुठीत मावतील इतक्याच नळ्या. आदल्या आठवड्यात त्यांतली एक वितळवून पाहिली होती, बी ठणठणीत निघालं होतं. आता जिवंत उंदीर पोसायचं कारण उरलं नव्हतं.

"आजच उरकून घ्या," प्रयोगशाळेचे सर सकाळी म्हणाले होते. "मांडणी रिकामी हवी. नवीन उंदीर येतायत." वाईट मनाने नव्हते म्हणाले. फक्त बोलताना तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं होतं.

हे उंदीर सरांनी आणि तिनेच मिळून बनवलेले. आत्याच्या भावाच्या मुलीच्या जनुकात एक चूक होती, नेमकी तीच चूक या उंदरांत मुद्दाम घातलेली. आधी मागचे पाय जातात, मग गिळणं, मग श्वास. मुलीला घरात सगळे बारकी म्हणत. आपल्यासाठी उंदीर केलेत याचं तिला भारी अप्रूप. आत्या कामावरून आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आत्या, माझी भावंडं जेवली का?"

उंदरांना औषध लागू पडायच्या आतच बारकी गेली. त्याला महिना होऊन गेला होता. आत्या लगेच कामावर रुजू झाली. घरी बसून करायचं तरी काय? रडू आलं नव्हतं. आत कुठे अडकलंय, असंही नव्हतं. हात कामं करत होते आणि ती त्यांच्या मागोमाग जात होती.

फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "ताई, तुमच्या वहिनी आल्यात."

वहिनी प्राणीघराबाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"यांनी सांगितलं, आज तुम्ही ती सगळी..." ती थांबली. "मला एकदा बघायचीत. आत सोडतील?"

"आत नाही. काचेतून दाखवते."

आत्या आत गेली आणि एक पिंजरा खिडकीशी घेऊन आली. काळीभोर उंदरं, एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेली. उजेडाने जागी झाली. दोघं-तिघं मागचे पाय ओढत काचेपाशी सरकली. वहिनी वाकून बघत राहिली. तिचा चेहरा हलला नाही.

"अशीच सरकायची ती," खिडकीशेजारच्या जाळीतून ती म्हणाली. "पलंगावरून खिडकीकडे."

"हो."

"हा तर चांगला पळतोय."

एक उंदीर पिंजऱ्याच्या कडेकडेने गरागरा फिरत होता.

"त्याला आजार नाही. भाऊ आहे त्यांचा. एकाच आईची आहेत सगळी, पण चूक प्रत्येकात उतरत नाही."

"मग त्याला ठेवणार?"

"नाही. ठेवायला कारण लागतं, वहिनी."

वहिनीने मान हलवली. जणू भाजीचा भाव ऐकला. मग विचारलं, "आणि पुन्हा कधी लागली तर?"

"बी गोठवून ठेवलंय. कितीही वर्षांनी करता येतील."

"हीच?"

"हीच नाही. अगदी अशीच. दुसरी."

पळणारा उंदीर दमून बाकीच्यांच्या ढिगात शिरला.

"आई रोज हेच सांगतात मला," ती म्हणाली. "वय आहे अजून, दुसरं होईल. मायेनेच सांगतात." मग ती सरळ झाली. "जा तुम्ही. उरका काम. मी बसते इथे."

आत्याने पिंजरे एकेक करून गॅसच्या पेटीपाशी नेले. हे काम तिने आजवर किती वेळा केलं होतं, त्याची मोजदाद नव्हती. गॅस हळू सोडायचा, घाई करायची नाही. आत कुणी हुंगलं, कुणी भिंतीला पाय लावून उभं राहिलं, मग सगळी आडवी झाली. ती ठरलेला वेळ थांबली. त्यानंतर प्रत्येकाला हातात घेऊन पाहिलं. ऊब अजून होती, पण हातमोज्यातून ती नीट कळत नव्हती. मांडणी पुसली. पिंजरे धुवायला लावले. पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या काढून केराच्या डब्यात टाकल्या. मग अंघोळ करून, आपले कपडे घालून ती बाहेर आली.

बाहेर लोक घरी निघाले होते. कुणी छत्री विसरली म्हणून परत येत होतं, कुणी दारातच गप्पा मारत उभं होतं. वहिनी होती तिथेच, तशीच बसलेली.

"झालं?"

"झालं."

"काही कळलं का हो त्यांना?"

भेटीला येणारे सगळेच हे विचारत. आत्याचं उत्तर पाठ होतं. काही कळत नाही, झोप लागते फक्त. बारकी गेली तेव्हा दवाखान्यात डॉक्टरही वहिनीला असंच काहीसं म्हणाले होते, आणि त्यांच्यामागे उभी राहून आत्याने मान डोलावली होती. आताही तेच शब्द तिच्या जिभेवर आले.

"माहीत नाही, वहिनी," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

वहिनीने तिच्याकडे बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदाच नीट बघितलं. मग पर्स उचलून पलीकडे ठेवली, थोडी सरकली, आणि बाकावर तिच्यासाठी जागा केली.