आईजवळचं पिल्लू

"पिल्लू आईजवळ असताना व्हिडिओ कॉलवर दाखवा, मग पैसे पाठवते," मृण्मयी म्हणाली. ऑनलाइन जाहिरातवाल्याने फोन ठेवला आणि तिचा नंबरच ब्लॉक केला. फोटोतल्या कुत्र्याच्या पिल्लावर तिचा जीव जडला होता, तरी तिने मन घट्ट केलं.

दुसऱ्या जाहिरातीतल्या बाई म्हणाल्या, "आधी घरी येऊन बघा तर खरं!"

रविवारी ती वाईला त्यांच्या घरी गेली. कुत्री पिल्लांना पाजत होती. मृण्मयी लांबच जमिनीवर टेकली. कुत्रीने येऊन तिचा हात हुंगला. मग परत जाऊन एक पिल्लू अलगद तोंडात धरून आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"अगंबाई! मलासुद्धा पिल्लांना हात लावू देत नाही ही," बाई पुटपुटल्या.

मृण्मयी हलायचंसुद्धा विसरली. कुत्री तिच्या पायाशी बसून टक लावून तिच्याकडे बघत राहिली.