कारामेलचं वजन

"तेरा," मार्लेन म्हणाली आणि तिने कार्डावर आकडा लिहिला.

मदाम ओदेतनी पर्स टेबलावर आपटली. "ऐकलंत ना, हकीम? तीन महिन्यांत अठराचे तेरा. माझं लेकरू डोळ्यांदेखत झिजतंय आणि तुम्ही नुसती कार्डं भरताय."

डॉक्टर नसीबना इथे सगळे हकीमच म्हणत. बैरूतच्या या गल्लीत बावीस वर्षं ते प्राण्यांचा दवाखाना चालवत होते, पण असा पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. कारामेलचं रक्त तपासून झालं होतं. जंताचं औषध दोनदा दिलं होतं. दात चांगले, नाक ओलं, डोळे तरतरीत. पोट दाबलं तर शेपूट हलवायचा. बरगड्याही हाताला लागत नव्हत्या, पण मेंढीसारखी लोकर असलेल्या कुत्र्याच्या बरगड्या लागणार कशा? वजन मात्र दर खेपेला खाली.

वजन करणंही सोपं नव्हतं. दवाखान्यातला काटा एवढासा, त्यावर कारामेल एकटा ठरायचा नाही. त्याला मदामची मोलकरीण उचलून घ्यायची, आणि पहिल्या दिवशी कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलेले तिचे चोपन्न किलो मार्लेन वजा करायची. मार्लेन अकरा वर्षं या दवाखान्यात होती. तिचा हिशेब चुकत नसे.

मोलकरीण कुत्र्याला खाली ठेवून भिंतीशी उभी राहिली. ती इथिओपियाची होती, मदामकडे येऊन चार महिने झाले होते. नाव वर्किनेश. मदामच्या तोंडी ते बसत नसे, म्हणून घरात ती मारिया होती.

"मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात ना," मदाम म्हणाल्या, "की घरात कोणी याच्या ताटातलं काढत नाही ना ते बघा? मी बघितलं. फ्रिजला कुलूप लावलं, फडताळाला लावलं. याची कोंबडी मी माझ्या हाताने काढून देते. हिलासुद्धा मीच देते. सकाळी एक रोटी, संध्याकाळी एक. आता सांगा, अजून काय करू?"

"जेवण वाढतं कोण?"

"ही. माझे गुडघे वाकत नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

डॉक्टरांचा पारा तिथेच चढला. माणूस वाईट नव्हता. रस्त्यावरची लंगडी मांजरं तो फुकट बरी करायचा. पण जनावराचे हाल झाले की त्याला समोरचं काही दिसत नसे.

"इकडे ये," ते मोलकरणीला म्हणाले. "याचं ताट तू वाढतेस?"

"हो, हकीम."

"सगळं वाढतेस?"

"सगळं."

"मग जातं कुठे?"

तिने मदामकडे पाहिलं.

"मी तुला विचारतोय. त्यातलं कधी काही उचललंस?"

तिने कुत्र्याकडे पाहिलं. कारामेल तिच्या पायावर हनुवटी टेकून बसला होता.

"एकदा," ती म्हणाली. "रविवारी. त्याने भात टाकला होता. तळाशी राहिलेला."

"बघा," मदाम म्हणाल्या. "एकदा म्हणतेय. म्हणजे किती वेळा ते तुम्ही समजा."

"त्याने खरंच टाकला होता, मदाम."

"तू बोलू नकोस."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला लाज नाही वाटली? माणसाला भूक लागली तर तो मागून खातो. त्याला तोंड आहे. या मुक्या जिवाने कुणाकडे मागायचं? त्याच्या तोंडचा घास काढलास तू."

मोलकरणीने मान खाली घातली. मार्लेन खिडकीबाहेर बघू लागली.

मदामनी फोन बाहेर काढला. "हिला पाठवणाऱ्या एजन्सीला कळवते. तिकडच्या तिकडे परत पाठवा म्हणावं. तिचा पासपोर्ट माझ्याकडेच आहे. आणि हकीम, तुम्ही मला लिहून द्या. नाहीतर ते लोक म्हणतील, बाई कांगावा करतेय."

"देतो लिहून. का नाही देणार?" डॉक्टरांनी दवाखान्याच्या नावाचा कागद ओढला. कुत्र्याचं नाव, वय आणि जात लिहिली. खाली लिहिलं: सांभाळणाऱ्या व्यक्तीने केलेली उपासमार. मग पेन थांबलं. "पोलिसांपर्यंत जाणार असेल तर आकडा चोख हवा. मार्लेन, सकाळी आलेला तो मोठा काटा उघडला का?"

"खोक्यातून काढलाय. लावायचा राहिलाय."

"लाव."

नवा काटा रुंद होता, जमिनीला टेकलेला, वर रबर. मार्लेनने मधोमध एक बिस्किट ठेवलं. कारामेल आपणहून चढला आणि आरामात बसून बिस्किट खाऊ लागला.

मार्लेनने आकडा वाचला आणि बटण दाबून पुन्हा शून्य केलं. कुत्र्याला उतरवलं, परत चढवलं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अठरा दाखवतोय."

"काटा बिघडलेला आला असेल." डॉक्टर बूट काढून स्वतः चढले. ब्याऐंशी. सकाळीच त्यांनी घरी वजन केलं होतं. ब्याऐंशीच.

ते उतरले. टेबलावरचं कार्ड त्यांनी उचललं आणि कोपऱ्यातल्या चोपन्नच्या आकड्यावर बोट टेकवलं. दाराशी मदाम फोनवर सांगत होत्या, "चोर निघाली हो. हकिमांसमोर कबूल केलं तिने."

"पोरी," डॉक्टर म्हणाले. "आता तू उभी राहा. एकटी."

तिने चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि ती काट्यावर चढली.

"एकोणपन्नास," मार्लेन म्हणाली.